भरपगारी रजेचा पहिला दिवस

वाचकहो, या लेखात 'आम्ही' हा शब्द वारंवार येईल. तो वाचून महिला मंडळाच्या आठ-दहा जणी कुठे सहलीला गेल्या होत्या, असे कुणाला वाटेल. तसे नाही. सभेच्या इतिवृत्तात, निवेदनात, पत्रकात 'आम्ही' लिहून लिहून हाताला तीच सवय लागली आहे. एकवचनात लिहायला गेले की पेन अडते. परंतु गेल्या जानेवारीत समुद्रावर गेलो ते आम्ही एकट्याच. बरोबर ना नवरा, ना मुलगी, ना मंडळ, ना बॅनर. चार दिवसांची रजा होती. त्यातल्या पहिल्या दिवसाची ही हकिकत.

आधी रजेविषयी सांगतो. आम्ही पुण्यात एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत लिपिक आहोत. बी.कॉम. होऊन नोकरीला लागलो त्याला तेवीस वर्षे झाली. साऱ्या कार्यालयाच्या रजेचे हिशेब आमच्या टेबलावर असतात. जानेवारीला १५ आणि जुलैला १५ दिवस अर्जित रजा प्रत्येकाच्या खात्यात जमा करायची, घेतलेली वजा करायची, शिल्लक मांडून साहेबांची सही घ्यायची. ही शिल्लक ३०० दिवसांच्या वर साठत नाही. निवृत्त होताना, किंवा सेवेत असतानाच कुणी गेले तर वारसाला, त्या दिवसांचे पैसे मिळतात.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या शेजारच्या टेबलावरचे सहकारी हृदयविकाराने गेले. वय ५३. कार्यालयात कामाला वाघ आणि सुटले की वस्तीतल्या अभ्यासिकेत हजर. त्यांच्या वारसाची फाइल आम्हीच केली. शिल्लक रजा पूर्ण ३०० दिवस. गुणाकार केला, दोनदा तपासला. वहिनी सही करायला आल्या तेव्हा त्यांनी विचारले, "ताई, हे कसले पैसे?" आम्ही म्हणालो, "भाऊंनी न घेतलेल्या रजेचे." त्या थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "दहा महिने होतात हे. त्यातले दहा दिवस तरी घरी बसले असते."

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर आम्ही स्वतःचे सेवापुस्तक उघडले. शिल्लक २७१. मग घेतलेली रजा कशात गेली ते पाहिले. सासूबाईंचे आजारपण, आईचे शेवटचे दोन महिने, मुलीची दहावी. किरकोळ रजा तर दरसाल मोर्चे, शिबिरे, २० मार्च आणि ६ डिसेंबर यांतच संपते. यातल्या एकाही दिवसाचा आम्हाला पश्चात्ताप नाही. परंतु तेवीस वर्षांत केवळ आपल्यासाठी म्हणून घेतलेला एक दिवस शोधला, तो काही सापडला नाही.

रजेच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना असतो. तिथे सगळे 'घरगुती काम' लिहितात. आम्ही 'विश्रांती' लिहिले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिले. "मॅडम, तब्येत बरी आहे ना?" घरीही तीच तऱ्हा. यजमानांनी विचारले, "शिबिर आहे का तिकडे?" मंडळाच्या अध्यक्षांनी विचारले, "कुणाचं लग्न आहे?" मुलगी तेवढी म्हणाली, "आई, जा तू. आम्ही भात लावू." मनात आले, आपण कुठे जातो तर काहीतरी कामच असणार, अशी सर्वांची खात्री झाली आहे, आणि ती आपणच करून दिली आहे.

वास्तविक ही भरपगारी रजा आपल्याला कशी मिळाली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यात वर्षभर सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला सलग दहा दिवसांची भरपगारी सुट्टी मिळू लागली. आठवड्याची सुट्टी निराळी. ही त्याच्या वरची. माणसाने काम थांबवावे आणि तरीही त्याच्या घरातली चूल पेटावी, असा त्याचा अर्थ. आमची आई नांदेड जिल्ह्यात दुसऱ्याच्या शेतावर रोजंदारीने जात असे. तिच्या भाषेत रजा हा शब्दच नव्हता. तिचा शब्द होता 'खाडा'. अंगात ताप असो की घरात मयत, कामावर गेले नाही की खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. कायद्याने दिलेली गोष्ट आईला कधी मिळाली नाही. आणि आम्हाला मिळाली, तर आम्ही ती सेवापुस्तकात साठवून ठेवली.

असो. सकाळी स्वारगेटहून दापोलीची एस.टी. धरली. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. कंडक्टरने विचारले, "किती?" आम्ही म्हणालो, "एक." त्यांनी पुन्हा विचारले, "एकच?" आम्ही म्हणालो, "एकच." हा प्रश्न दिवसभरात आणखी पाच वेळा आला.

ताम्हिणी घाट उतरून माणगाव, मग लोणेरे, मग महाड. इथपर्यंतचा रस्ता आम्हाला पाठ आहे. कितीतरी वर्षे २० मार्चला चवदार तळ्याला मानवंदना द्यायला याच रस्त्याने आलो. १९२७ साली बाबासाहेबांनी ज्या ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह केला, त्या तळ्याकाठी उभे राहायचे, घोषणा द्यायच्या, जेवणाची पाकिटे वाटायची, माणसे मोजून बसमध्ये बसवायची आणि परत फिरायचे. महाडच्या पुढे कोकण आहे, समुद्र आहे, हे नकाशात ठाऊक होते. त्या दिवशी महाडच्या स्टँडवरून गाडी पुण्याकडे न वळता पुढे निघाली, तेव्हा काहीतरी चुकते आहे असे वाटून आम्ही उगाचच मागे वळून माणसे मोजली. मोजायला कुणी नव्हते.

खेडवरून दापोलीला पोहोचलो. दापोली म्हणजे सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही काळ राहिले ते गाव. आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात. वणंद, रमाईचे माहेर, तर दापोलीच्या अगदी जवळ. स्टँडवर उभे असताना जीव खालीवर झाला. इथवर येऊन आधी तिकडे न जाता समुद्रावर जायचे? पण मनाला बजावले, तिकडे गेलो की वही निघणार, फोटो निघणार, कुणाला तरी निवेदन द्यायचे निघणार. दौरा सुरू होणार. तिसऱ्या दिवशी जाऊ. आज नाही. मुरुडची गाडी लागली होती, तीत चढलो. जंजिऱ्याचे मुरुड वेगळे. हे दापोली तालुक्यातले.

आता जे घडले ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. पुण्याहूनच एका लॉजवर खोली ठरवली होती, मोबाइलवरून ५०० रुपये आगाऊही पाठवले होते. काउंटरवरच्या माणसाने ओळखपत्र पाहिले, आमच्या मागे दरवाजाकडे पाहिले. "बरोबरचे कुठायत?" आम्ही म्हणालो, "बरोबर कुणी नाही." तो म्हणाला, "मग नाही जमणार. एकट्या बाईला आम्ही खोली देत नाही. नंतर भानगडी होतात."

भगिनींनो, आम्ही वस्तीवस्तीत जाऊन राज्यघटनेवर बोलतो. कलम १५ मध्ये काय लिहिले आहे हे शाळेच्या पोरींकडून पाठ करून घेतो. दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांत कुणालाही केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून मज्जाव करता येणार नाही, हे त्या कलमात स्वच्छ लिहिले आहे. दुसऱ्या एखाद्या बाईला असे कुणी बोलले असते तर आम्ही त्या काउंटरवर टेबल वाजवले असते. स्वतःची पाळी आली तेव्हा तोंडातून शब्द निघाला नाही. "बरं," असे म्हणून, हो, "बरं" असे म्हणून, आम्ही बॅग उचलली आणि बाहेर आलो.

रस्त्यापलीकडे सुरूच्या झाडाखाली बसलो. डब्यातली चपाती-भाजी काढली. घास खाली जाईना. राग त्या माणसाचा नव्हता, आपला होता. याच मुरुड गावाचे महर्षी कर्वे. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केले म्हणून गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. त्या गावात बसून आपण "बरं" म्हणालो! शेवटी पाणी प्यायलो, चूळ भरली, बॅग तिथेच ठेवली आणि पुन्हा आत गेलो. या वेळी आवाज नेहमीचा निघाला. म्हटले, "मला तुमची खोली नको. पण एकट्या बाईला खोली द्यायची नाही असा कायदा नाही, उलट नाकारू नये असं घटनेत लिहिलं आहे. हे कारण कागदावर लिहून द्या, आणि माझे पैसे परत करा." कागदावर त्याने काही लिहिले नाही. पैसे मात्र तिथल्या तिथे परत केले. आणि खोली हवी तर देतो, असेही म्हणाला. आम्ही घेतली नाही.

दोन वाड्या ओलांडून 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशी पाटी दिसली. अंगणात एक बाई सुपारी वाळत घालत होत्या. आमच्याच वयाच्या असतील, एखाद-दोन वर्षांनी मोठ्या. त्यांनीही विचारले, "एकट्याच का?" पण विचारून झाल्यावर म्हणाल्या, "या वहिनी, मागची खोली मोकळी आहे. चहा घ्याल ना?" आणि मग, "काय काम काढलंत इकडे?" तोंडावर आले होते, शिबिराला आले म्हणून. ते गिळले. म्हणालो, "काम नाही काही. रजा आहे." त्यांनी मान डोलावली, जणू त्यात काही विशेष नाही.

पाच वाजता समुद्रावर गेलो. निघताना त्या म्हणाल्या, "आज चौथ. तीनला भरती पुरी झाली. आता नऊपर्यंत ओहोटीच आहे, निवांत जा." आम्ही विचारले, हे घड्याळ कुठले? तर कोकणातला जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चारची पाऊणपट तीन. चौथीला तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पुनवेला आणि अवसेला बाराच्या सुमारास, आणि ते उधाण, पाणी सगळ्यांत वर चढते. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, ती लहान. भरतीपासून ओहोटी साधारण सहा तासांवर. बी.कॉम.ला आम्ही चक्रवाढ व्याज शिकलो, पण असला सोपा हिशेब आम्हाला कुणी शिकवला नव्हता. दुसऱ्या दिवशी पंचमी, म्हणजे पावणेचार. आम्ही मनातल्या मनात पुढच्या तीन दिवसांच्या भरत्या काढूनही टाकल्या, आणि लक्षात आले की आपण पुन्हा टेबलावर जाऊन बसलो.

समुद्रावर जाऊन काय करायचे असते, हेच आम्हाला ठाऊक नव्हते. काम असले की हात चालतात. हात रिकामे ठेवून बसणे ही शिकायची गोष्ट आहे. पहिली दहा मिनिटे आम्ही वाळूतल्या प्लास्टिकच्या बाटल्या गोळा केल्या. मग एका कुटुंबाने मोबाइल पुढे केला, "ताई, आमचा एक फोटो काढता का?" एकटी बाई म्हणजे फोटो काढणारी! तीन कुटुंबांचे फोटो काढून दिले. तिसऱ्या घरातली कॉलेजातली मुलगी म्हणाली, "काकू, तुमचा काढू का?" तिने काढला. तो फोटो आजही आमच्याजवळ आहे. मागे बॅनर नाही, गळ्यात हार नाही, शेजारी पाहुणे नाहीत. हातांचे काय करावे न कळून आम्ही ते पाठीमागे बांधले आहेत.

मग माणसे पांगली. ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांनी गोळ्यांची रांगोळी घातली होती. पाऊल जवळ आले की ती पोरे भोकात पळत. पाणी बरेच मागे हटले होते. आम्ही चपला हातात घेतल्या आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिलो. तिथे आई आठवली.

आपल्या समाजातल्या, विशेषतः मराठवाडा-विदर्भातल्या, कित्येकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो ६ डिसेंबरला, दादरच्या चौपाटीवर. आमच्या आईनेही तसाच पाहिला, १९९४ साली. रेल्वेने रात्रभर उभे राहून आलो होतो. चैत्यभूमीच्या रांगेत आई आमचा हात धरून उभी होती आणि बाजूला तो एवढा समुद्र. रांग थोडी थांबली तेव्हा ती पाण्यापर्यंत गेली, दोन बोटे बुडवून जिभेला लावली आणि हसून म्हणाली, "खरंच की गं, खारट हाय." लोकांनी सांगितले होते, तिला खरे वाटले नव्हते. पाण्यात पाय घालायला गेली आणि तेवढ्यात रांग हलली. "चल गं, रांग चुकंल." तेवढाच तिचा समुद्र. पुढेही ती दोनदा आली, पण तेव्हा बरोबर आजारी माणसे होती, गर्दी होती. समुद्र पाहायला म्हणून ती कधी आली नाही.

आणि रमाई? त्यांचे वडील दाभोळच्या बंदरातून माशांच्या टोपल्या वाहून नेत. आपल्या माणसांना समुद्र ठाऊक नव्हता असे नाही. तो डोक्यावरच्या ओझ्यातून, पाझरणाऱ्या टोपलीतून ठाऊक होता. किनाऱ्यावर रिकाम्या हाताने उभे राहणे तेवढे ठाऊक नव्हते.

आम्ही साडी थोडी वर खोचली आणि पाण्यात गेलो. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. लाट मागे जाते तेव्हा तळव्याखालची वाळू सरकते आणि पोटात गलबलते. दोन बोटे बुडवून जिभेला लावली. खारट. तिथे उभे राहून आम्ही रडलो, हे लिहायला आता हरकत नाही. सूर्य पाण्याला टेकला होता. कुणी पाहत नव्हते. कुणी पाहिले असते तरी रांग चुकणार नव्हती.

अंधार पडल्यावर परतलो. बाईंनी तांदळाची भाकरी, बांगड्याचे कालवण आणि सोलकढी वाढली. जेवण झाल्यावर सवयीने ताट उचलून मोरीकडे निघालो तर त्या म्हणाल्या, "ठेवा हो. पाहुण्यांनी ताट उचलायचं नसतं." आम्ही ठेवले, पण बेचैन झालो. विचारले, "वहिनी, तुम्ही रजा कधी घेता?" त्या हसल्या. म्हणाल्या, "दिवाळीपासून मेपर्यंत पाहुणे. पाऊस लागला की भाताची लावणी. मग गणपती. रजा कुठली?" घरापासून समुद्र तीनशे पावलांवर. शेवटच्या कधी गेल्या होत्या, हे त्यांना आठवून सांगावे लागले. म्हणजे आमची विश्रांती त्यांच्या कष्टांवर उभी होती. ही गोष्ट मनाला लागली आणि लागलेलीच बरी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना ओढून बरोबर न्यायचे, असे त्याच क्षणी ठरवले.

नऊच्या सुमारास फोन वाजला. मंडळाच्या सचिव होत्या. "जयभीम ताई. रमाई जयंतीच्या मंडपवाल्याचं काय करायचं? तो आगाऊ मागतोय." सात फेब्रुवारी जवळ आली होती. मंडपवाल्याचा दर, मागच्या वर्षीची पावती, सारे आम्हाला तोंडपाठ. सांगायला सुरुवात करणार, तोच थांबलो. म्हटले, "जयभीम. मी रजेवर आहे. तुम्ही दोघीतिघी मिळून ठरवा." पलीकडे काही वेळ शांतता. मग, "बरं ताई. बघतो आम्ही." फोन ठेवला आणि अर्धा तास काळजीने झोप लागली नाही. मागाहून कळले की त्यांनी मंडप आमच्यापेक्षा स्वस्तात ठरवला.

वाचक बंधू-भगिनींनो, समुद्रावरच जा असे आमचे सांगणे नाही. ज्यांच्या खात्यात रजा आहे, त्यांनी आपले सेवापुस्तक एकदा उघडून पाहावे. चळवळीला माणसे लागतात, आणि ती जिवंत व धडधाकट लागतात. तसेच आपल्या वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या भगिनींना आजही रजा नाही, खाडाच आहे. ज्यांच्या घरी कामाला बाई येते त्यांनी तिला वर्षातून काही दिवस पगारी सुट्टी द्यावी. त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहू नये. आमच्या मंडळात आम्ही तसा ठराव मांडला. तो मंजूर झाला. आमच्या स्वतःच्या घरापासून सुरुवात केली आहे.

खोलीचा दिवा घालवून खिडकीत बसलो तेव्हा मागच्या डोंगरावर चौथीचा चंद्र वर आला होता. नऊची ओहोटी संपून पाणी पुन्हा चढू लागले होते. दुसऱ्या दिवशीचे कसलेच काम ठरलेले नव्हते. एवढेच ठरले होते की पावणेचारला भरती, आणि त्या वेळी बरोबर वहिनींना न्यायचे.